जप्त झालेली रोकड कोणी मागितलीच नाही, तर ती सरकारजमा होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर-विजापूर रस्त्यावर मंद्रूपच्या बाजूला नाकाबंदीत मामांचा टेम्पो अडवला. चालकाच्या सीटमागे पिशवीत ३ लाख ८० हजार रुपये मिळाले. चालक घाबरला आणि "माझे नाहीत, कोणाचे आहेत माहीत नाही" असे म्हणाला. पोलिसांनी पंचनामा करून रक्कम ताब्यात घेतली, गुन्हा काही दाखल झाला नाही. याला आठ महिने होत आले. मामांचे म्हणणे पैसे कांद्याचे आहेत, पण कोर्टकचेरीच्या धास्तीने ते फिरकलेच नाहीत. आता कोणीतरी सांगते आहे की सहा महिने उलटले, पैसे गेले.

पैसे गेलेले नाहीत, निदान आपोआप तरी नाहीत. ते सहा महिने जप्तीच्या दिवसापासून मोजतच नाहीत. ते मोजायचे न्यायदंडाधिकाऱ्यांनी काढलेल्या जाहीरनाम्याच्या तारखेपासून. जाहीरनामा निघालाच नसेल तर मुदत सुरूही झालेली नाही. तो निघाला की नाही, आणि कधी, हे आधी शोधा. बाकी सगळे त्यानंतर.

कायदा काय म्हणतो ते नीट पाहू. चोरीचा असल्याचा संशय असलेला किंवा एखाद्या गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेला माल पोलीस जप्त करू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ ते हेच. जप्तीनंतर त्याचा अहवाल ताबडतोब हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. तो माल एखाद्या खटल्यात कोर्टापुढे आलाच नाही, तर कलम ५०३ लागते. हक्कदार कोण हे माहीत असेल तर माल त्याला द्या, माहीत नसेल तर ताब्यात ठेवा आणि जाहीरनामा काढा: अमुक वस्तू आहेत, कोणाचा हक्क असेल त्याने सहा महिन्यांच्या आत हजर होऊन तो सिद्ध करावा. त्यापुढचे कलम ५०४. सहा महिन्यांत कोणी आले नाही आणि ज्याच्या ताब्यात माल सापडला त्यालाही तो कायदेशीररीत्या मिळवल्याचे दाखवता आले नाही, तर माल राज्य सरकारच्या स्वाधीन करण्याचा आदेश होऊ शकतो. जप्ती १ जुलै २०२४ च्या आधीची असेल आणि प्रकरण तेव्हाच कोर्टात गेलेले असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे १०२, ४५७ आणि ४५८ वाचा. मजकूर जवळपास तोच, सहा महिनेही तेच.

कलम ५०४ मध्ये अटी दोन आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. दावेदार न येणे ही एक. कब्जेदाराला खुलासा देता न येणे ही दुसरी. पुष्कळदा पहिली पूर्ण झाली एवढ्यावरच अहवाल तयार होतो आणि दुसऱ्या अटीबद्दल कब्जेदाराला साधी नोटीसही जात नाही. तुमच्या प्रकरणात कब्जेदार म्हणजे चालक. त्याला विचारले गेले का, हा तुमच्या बाजूचा महत्त्वाचा मुद्दा ठरू शकतो. तिसरी गोष्ट, यासाठी कोणाला शिक्षा व्हावी लागत नाही. "गुन्हाच नाही, मग पैसे कसे ठेवतील?" असे म्हणत घरी बसणारे याच गैरसमजात रक्कम घालवतात. गुन्हा दाखल नसतानाही पैसे सरकारकडे जाऊ शकतात, आणि जातात.

आता कोणाच्या दारात जायचे ते. इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो. मंद्रूपची हद्द सोलापूर ग्रामीण पोलिसांची आहे, शहरातली ठाणी पोलीस आयुक्तालयाखाली येतात. शहराच्या वेशीवरच्या नाकाबंदीत नेमके कोणाचे पथक होते हे पंचनाम्याच्या पहिल्या चार ओळींत कळते. रेल्वे स्थानकावर किंवा गाडीत मिळालेली रक्कम लोहमार्ग पोलिसांकडे असते, शहर पोलिसांकडे विचारून काही निष्पन्न होत नाही. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट हद्दीतली प्रकरणे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातात. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात येऊन अर्ज दिला तर हद्दीच्या मुद्द्यावर तो परत येतो आणि दोन तारखा फुकट जातात.

गुन्हा दाखल होऊन खटला चालू असेल तर अर्ज कलम ४९७ खाली, खटला संपला असेल तर ४९८ खाली. तपास 'अ' समरीत बंद झाला असेल, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, तर समरी मंजूर करतानाच्या आदेशात मुद्देमालाचे काय करायचे ते लिहिलेले असते. आधी तो आदेश काढा. जुगाराच्या अड्ड्यावरची रोकड वेगळ्या वाटेने जाते. तिथे दोष सिद्ध झाल्यावर जुगार प्रतिबंधक कायद्यानेच ती सरकारजमा करता येते. रक्कम गुन्ह्यातूनच मिळवलेली आहे असा पोलिसांचा दावा असेल तर कलम १०७ येते. त्यात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या मंजुरीने कोर्टात अर्ज होतो, खुलाशासाठी १४ दिवसांची नोटीस निघते, आणि रक्कम गुन्ह्याची ठरली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत ती फसवणूक झालेल्यांना वाटली जाते. घेणारे कोणी नसतील किंवा काही उरले तर तेवढे सरकारजमा. १०७ ची नोटीस हातात पडली असेल तर १४ दिवस म्हणजे १४ दिवसच समजा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत पकडलेली रक्कम पुन्हा वेगळी. लोकसभा-विधानसभेच्या वेळी भरारी पथक किंवा स्थिर सर्वेक्षण पथक रोकड पकडते. उमेदवाराशी किंवा पक्षाशी संबंध नसेल आणि गुन्हाही दाखल नसेल, तर ती सोडण्याचा निर्णय जिल्हास्तरीय तीन अधिकाऱ्यांची समिती घेते: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्च नियंत्रणाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. गुन्हा किंवा तक्रार नसेल तर असे प्रकरण मतदानानंतर ७ दिवसांपेक्षा जास्त काळ अडकवून ठेवू नये, असा आयोगाचा दंडक आहे. रक्कम १० लाखांच्या वर असेल तर प्राप्तिकर खात्याला कळवले जाते. तुमची जप्ती आचारसंहितेच्या तारखांत बसते का ते पाहा. बसत असेल तर कोर्टाआधी समितीकडे अर्ज झाला होता का ते विचारा.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमची वाट कलम ५०३ ची दिसते. सुरुवात कागदांपासून करा. चार गोष्टी लागतील: जप्ती पंचनाम्याची प्रत, ठाणे दैनंदिनीतला नोंद क्रमांक, मुद्देमाल रजिस्टरचा क्रमांक, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना पाठवलेल्या अहवालाचा जावक क्रमांक. मुद्देमाल कारकुनाकडे रजिस्टर असते आणि नीट विचारले तर क्रमांक मिळतो. मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अहवाल कोर्टात गेला असेल तर नकला विभागातून त्याची आणि रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल मागवा. जाहीरनामा निघाला की नाही हे रोजनाम्यातच कळते. अहवाल गेलेलाच नाही असे निघाले तर ती पोलिसांची त्रुटी आहे. ती अर्जात स्पष्ट लिहा, पण त्यावर भांडत बसू नका. कोर्ट अहवाल मागवेल आणि गाडी पुढे सरकेल.

पंचनामा हातात आला की नोटांचा तक्ता पाहा. तो साधारण असा असावा: ५०० च्या ७०० नोटा म्हणजे ३,५०,०००, २०० च्या १०० म्हणजे २०,०००, १०० च्या १०० म्हणजे १०,०००, एकूण ३,८०,०००. त्याखाली पिशवीचे वर्णन, बंडले किती, रबर लावलेले की बँकेची कागदी पट्टी असलेले, लाखोटा कसा सील केला, पंचांच्या सह्यांची लेबले. बंडलाभोवतीची ती कागदी पट्टी पुराव्याच्या दृष्टीने फार मोलाची असते. तिच्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख असते. नोटा यंत्रात मोजताना पट्ट्या फाडून टाकल्या आणि पंचनाम्यात उल्लेखच नाही, असे झाले तर दावेदाराचा सर्वांत सरळ पुरावा केरात जातो. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे असते. पट्टी पंचनाम्यात नसली तरी चित्रीकरणात दिसू शकते, म्हणून ते चित्रीकरण कोर्टाने मागवावे अशी विनंती अर्जातच करा.

आता पैसे कांद्याचे आहेत हे सिद्ध कसे करायचे. श्री सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारातली आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, हा मुख्य कागद. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव, गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम असते. सोबत मामांचा सातबारा, पीक पाहणीतली कांद्याची नोंद आणि त्या दिवसाची वाहतुकीची चिठ्ठी जोडा. पट्टीची निव्वळ रक्कम आणि जप्त रक्कम जुळली पाहिजे. पट्टी २ लाख ९६ हजारांची असेल तर उरलेले ८४ हजार कुठले, हे त्याच शपथपत्रात यावे: घरातली शिल्लक, बँकेतून काढलेले, उसनवार, जे खरे असेल ते, त्याच्या कागदासह. "सगळे कांद्याचे" असे मोघम लिहिले की सरकारी वकील पहिला प्रश्न त्या फरकावर विचारतात, आणि दाव्याचा खरा भागही संशयात सापडतो.

इथे एक अडचण आधीच सांगतो, कारण ती बहुतेकांना उशिरा कळते. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. शेतकऱ्यालाही ही मर्यादा लागू आहे. पट्ट्या दोन-तीन आडत्यांच्या, वेगवेगळ्या दिवसांच्या असतील तर काळजी नाही, तशाच जोडा. एकाच आडत्याची एकाच दिवसाची साडेतीन लाखांची रोख पट्टी असेल तर शपथपत्रावर सही करण्याआधी सीएंना दाखवा. पट्ट्या फोडून नव्याने लिहून घेण्याच्या भानगडीत मात्र कदापि पडू नका. आडत्याच्या वहीत आणि समितीच्या दप्तरात आवक नोंदलेली असते, आणि पोलीस तिथे जाऊन पाहतात. कोर्टापुढे खोटे शपथपत्र हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पावणेचार लाखांसाठी मामांना त्यात ढकलू नका.

यंत्रमाग कारखानदार, चादर-टॉवेलचे व्यापारी यांची रक्कम असेल तर कागद वेगळे: रोकड वही, पगारवाटपाचा तक्ता, बँकेतून रक्कम काढल्याची नोंद, विक्रीची बिले. बँकेतून काढल्याची तारीख जप्तीच्या फार आधीची असेल तर मधले दिवस पैसे कुठे होते हे वहीवरून दिसले पाहिजे. तीन महिन्यांपूर्वी काढलेले पैसे पिशवीत घालून फिरत होतो, हे कोणाला पटत नाही.

चालकाचे "माझे नाहीत" हे वाक्य तुम्हाला वाटते तितके घातक नाही. पैसे त्याचे नव्हतेच, तेवढे तो खरेच बोलला. अडचण "कोणाचे माहीत नाही" या दुसऱ्या अर्ध्या वाक्याची आहे. त्यासाठी चालकाचे स्वतंत्र शपथपत्र लागेल: पिशवी कोणी दिली, कुठे दिली, आत काय आहे हे त्याला सांगितले होते का, आणि त्या वेळी नाव का घेतले नाही. भीतीने घेतले नाही तर तसेच लिहा. चालकाला बाजूला ठेवून फक्त मामांनी अर्ज केला तर पैसे आणि मामा यांना जोडणारा दुवाच राहत नाही. आठ महिने का लागले याचाही एक परिच्छेद हवा. मामा वयस्कर असतील, कोणी चुकीचा सल्ला दिला असेल, तर ते साधेपणाने सांगा.

अर्ज दाखल झाला की कोर्ट तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांचे म्हणणे मागवते. पोलिसांनी "हरकत नाही" म्हटले तर काम लवकर होते, पण पोलिसांची हरकत हा शेवट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे की मुद्देमाल वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहू नये. सविस्तर पंचनामा, छायाचित्रे आणि बंधपत्र घेऊन रोख रक्कमही परत देता येते. नोटांचे क्रमांक ओळख पटवण्यासाठी लागणार असतील, जसे दरोड्यात किंवा बनावट नोटांच्या प्रकरणात, तरच मूळ नोटा अडवून ठेवण्याला अर्थ आहे. तुमच्या बाबतीत तसे काही नाही. आदेशात साधारणपणे तेवढ्याच रकमेचे बंधपत्र आणि जामीनदार मागितला जातो. दुसरा कोणी दावेदार उभा राहिला आणि मालकीचा वाद झाला, तर न्यायदंडाधिकारी फक्त ताबा कोणाला द्यायचा ते ठरवतात, मालकीसाठी दिवाणी कोर्ट असते.

निकाल लांबणार असे दिसले तर एक जादा विनंती करा: रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी. लाखोट्यातल्या नोटांना व्याज नसते. वाळवी आणि ओल मात्र लागते, आणि फाटक्या नोटांचे पूर्ण पैसे मिळतीलच असे नाही. नोटाच बंद झाल्या तर काय होते हे आपण पाहिले आहे. २०१६ च्या जुन्या ५०० आणि १००० च्या जप्त नोटा बदलून देण्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये खास नियम केले. पण त्यांत अट अशी की जप्ती ३० डिसेंबर २०१६ पर्यंतची हवी, आणि नोटांचे क्रमांक जप्त करणाऱ्या यंत्रणेने नोंदवलेले व कोर्टाच्या आदेशात आलेले हवेत. 'एकूण इतक्या नोटा' एवढेच लिहिलेल्या पंचनाम्यांनी लोकांचे किती नुकसान केले असेल, याचा विचार प्रत्येक ठाण्याने करावा. २००० च्या नोटा मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतल्या, तरी त्या रिझर्व्ह बँकेच्या निवडक कार्यालयांत स्वीकारल्या जातात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. सोलापूरहून टपालानेही पाठवता येतात.

कलम ५०४ चा आदेश होऊन गेला असे रोजनाम्यात दिसले, तरी आशा सोडू नका. त्यावर अपील होते, सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा. जाहीरनामा नीट प्रसिद्ध झाला नाही आणि कब्जेदाराला विचारलेच नाही, हे दोन मुद्दे तिथे वजनदार असतात. रक्कम चलनाने कोषागारात भरली गेली असली तरी अपील मान्य झाल्यास परतावा मागता येतो, फक्त त्याला वेळ लागतो.

विषय निघालाच आहे म्हणून पंढरपूरबद्दल. वारीत हरवलेल्या, सापडलेल्या पिशव्यांतली रक्कम जप्तीची नसते, ती बेवारस मालमत्ता. तिच्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम ८२ पासून पुढे वेगळी तरतूद आहे. पण दुखणे तेच: जाहीरनामा पंढरपुरात लागतो आणि पिशवी हरवलेली आजी परभणीत असते. पिशवीत एसटीचे तिकीट, औषधाची चिठ्ठी, दिंडीचा नंबर असे काहीही असेल तर जाहीरनाम्याची प्रत त्या तालुक्याच्या ठाण्यात आणि दिंडीप्रमुखाकडे पाठवायला हवी. चार-पाच हजारांची ती रक्कम त्या बाईची वर्षभराची साठवण असू शकते. जाहीरनाम्यात रक्कम द्यावी, पण पिशवीचा रंग, गाठ, आतली चीजवस्तू मागे ठेवावी. खरा मालक ते न बघता सांगतो आणि तोतया तिथेच अडकतो.

रक्कम परत घ्यायला जाल तेव्हा आधार आणि पॅन, आदेशाची प्रमाणित नक्कल, बंधपत्र आणि जामीनदार सोबत न्या. नोटा ठाण्यातच असतील तर मुद्देमाल कारकून, कोर्टात जमा असतील तर नाझर, म्हणजे कोर्टाची रोकड सांभाळणारे कर्मचारी, रक्कम देतील. लाखोट्याचे सील शाबूत आहे ना ते आधी पाहा आणि तसे लिहून घ्या. नोटा पंचनाम्यातल्या तक्त्याप्रमाणे मूल्यनिहाय मोजा. फरक आढळला तर तिथल्या तिथे पावतीवर नोंद करायला लावा, आणि मगच सही करा.